सत्तेविषयीचे वाचन माणसाला शहाणे करते की बनेल?

जुनी वही:

गेली तीन-चार वर्षे मी इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांचे वाचन जरा नेटाने करतो आहे. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’, मॅकियाव्हेलीचे ‘द प्रिन्स’, थ्युसिडिडीजने लिहिलेला पेलोपोनेशियन युद्धाचा, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा या ग्रीक नगरराज्यांतल्या युद्धाचा, इतिहास ही त्यातली मुख्य पुस्तके. सुरुवात केली तेव्हा हेतू साधा होता. सत्ता हाती असलेली माणसे अमुक एका तऱ्हेने का वागतात हे कळावे आणि त्यांच्या गोड बोलण्याला आपण भुलू नये, एवढीच अपेक्षा होती. आता मात्र एका लहानशा प्रसंगामुळे मला या वाचनाविषयीच शंका येऊ लागली आहे.

मी एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीचा चिटणीस आहे, त्यामुळे सभेची विषयपत्रिका मीच तयार करतो. मागच्या सभेत राखीव निधीतून मोठा खर्च करण्याचा ठराव यायचा होता. माझा त्याला पाठिंबा होता आणि दोन सदस्य त्याला कडाडून विरोध करणार हेही मला ठाऊक होते. मी तो विषय नवव्या क्रमांकावर, म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ याच्या बरोबर आधी, टाकला. सभा अडीच तास लांबली. विरोध करणाऱ्यांपैकी एक जण दोनदा घड्याळ पाहून उठून गेले आणि दुसऱ्यांनी वैतागून ‘ठीक आहे, घ्या लिहून’ असे म्हटले. ठराव सात मिनिटांत मंजूर झाला. घरी परतताना मला जो आनंद वाटत होता तो ठरावाचा कमी आणि डाव जमल्याचा जास्त होता, हे माझ्या लक्षात आले आणि मी चपापलो.

मग आणखी एक गोष्ट आठवली. इसवी सनपूर्व ४१६ मध्ये अथेन्सचे दूत मेलोस या लहान बेटावर जाऊन तेथील लोकांना सांगतात की, न्यायाची भाषा समान बळ असलेल्यांमध्येच चालते, बाकी बलवान जमेल ते करतात आणि दुबळे सोसतात. तो संवाद पहिल्यांदा वाचताना मी मनातल्या मनात त्या दूतांच्या स्पष्टपणाला दाद देत होतो. मेलोसच्या पुरुषांना पुढे ठार मारण्यात आले आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकण्यात आले, हे वाचूनही ती दाद पुरती ओसरली नव्हती.

तर प्रश्न असा आहे की, अशा वाचनाने आपल्याला सत्तेचे खरे रूप दिसू लागते, की आपल्या लहानमोठ्या लबाड्यांना भारदस्त नावे मिळतात? ज्यांनी हे ग्रंथ अनेक वर्षे वाचले आहेत, ते कोणत्या भूमिकेतून वाचतात?

पानगळ:

आपण प्रांजळपणे लिहिले आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. या ग्रंथांचे लेखक राजाच्या आसनाशेजारी बसून त्याच्या कानात काही सांगत आहेत, असा आपला समज झालेला दिसतो. वस्तुस्थिती बहुतेक वेळा उलट असते.

मॅकियाव्हेली हा आपल्यासारखाच चिटणीस होता, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. १४९८ ते १५१२ अशी चौदा वर्षे तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या कचेरीत चिटणिसाचे काम करत होता, पत्रव्यवहार पाहत होता, परराज्यांत वकिलीवर जात होता. १५१२ मध्ये फ्लॉरेन्सवर पूर्वी हुकमत गाजवणारे मेदिची घराणे परत आले आणि त्याची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी कटात सामील असल्याच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकले गेले, हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढून खाली सोडण्याची शिक्षा त्याला अनेकदा भोगावी लागली, आणि मेदिचींपैकीच एक जण पोप झाल्याच्या आनंदात जी सर्वसाधारण माफी जाहीर झाली तिच्यामुळे तो सुटला. त्यानंतर शहराबाहेरच्या शेतघरात राहून त्याने ‘द प्रिन्स’ लिहिले. १० डिसेंबर १५१३ रोजी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो आपला दिनक्रम सांगतो. दिवसभर लाकूडतोड्यांशी हुज्जत आणि खाणावळीत खेळ व भांडणे. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र चिखलाने माखलेले कपडे उंबरठ्यापाशीच उतरवून तो दरबारी पोशाख चढवतो, अभ्यासिकेत शिरतो आणि प्राचीन माणसांच्या सहवासात चार तास घालवतो. तो त्यांना त्यांच्या कृत्यांची कारणे विचारतो आणि ते त्याला उत्तरे देतात.

मला वाटते, त्या पुस्तकाचा थंड, करडा स्वर ऐकताना हे कपडे बदलणे डोळ्यांपुढे ठेवावे. ते पुस्तक म्हणजे बऱ्याच अंशी नोकरीसाठी केलेला अर्ज आहे, आणि ज्यांनी त्याला छळले त्याच घराण्यातल्या लोरेन्झोला ते अर्पण केलेले आहे. पुस्तक छापले गेले १५३२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. त्याच माणसाने प्रजासत्ताकांची थोरवी सांगणारा दुसरा मोठा ग्रंथही लिहिला, पण तो फारच थोडे लोक उघडतात.

थ्युसिडिडीजचेही तसेच आहे. अँफिपोलिस हे नगर वेळेवर वाचवता आले नाही म्हणून या सेनापतीला इसवी सनपूर्व ४२४ मध्ये हद्दपार व्हावे लागले आणि पुढची वीस वर्षे त्याने अथेन्स पाहिले नाही. चीनमधल्या हान फेई या विचारवंताने राजाच्या हातातल्या दोन मुठींविषयी, म्हणजे शिक्षा आणि बक्षीस यांविषयी, इतके धारदार लिहिले की तिथल्याच छिन राज्याचा राजा ते वाचून भारावून गेला. तोतरेपणामुळे स्वतः बोलून छाप पाडणे हान फेईला जमत नसे. अखेर इसवी सनपूर्व २३३ मध्ये त्याच राजाच्या तुरुंगात त्याचा अंत झाला.

म्हणून मी ही पुस्तके सत्तेतून बाहेर फेकल्या गेलेल्यांच्या जबान्या म्हणून वाचते. त्या जबान्यांत डाव शिकवलेले असतात हे खरे, पण डाव शिकवणारा स्वतः हरलेला असतो, हे विसरले की वाचकाला उगीचच आपण जिंकलो असे वाटू लागते.

दिवाभीत:

पानगळ यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु मूळ प्रश्नाला त्याने उत्तर मिळते असे मला वाटत नाही. लेखक हरलेला होता म्हणून त्याचे शस्त्र बोथट होत नाही. शिवाय विषयपत्रिकेची युक्ती धागाकर्त्यांना मॅकियाव्हेलीने शिकवली, असे मानायचे कारणच काय? एक पानही न वाचलेले चिटणीस ती युक्ती पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. वाचनाने एवढेच झाले की, ती वापरताना यांना आपला हात दिसला.

खरा मुद्दा विषयपत्रिकेचाच आहे आणि त्याकडे आपण वळलो तर अधिक हाती लागेल. १९६२ साली पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅरट्झ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी सत्तेची दोन तोंडे असतात असे मांडले. मतदानात कोण जिंकला हे पहिले तोंड, ते सर्वांना दिसते. कोणता प्रश्न मतदानापर्यंत येऊच द्यायचा नाही, हे ठरवणारे दुसरे तोंड, ते सहसा दिसत नाही. १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स यांनी त्याच्याही पुढे जाऊन तिसरी बाजू दाखवली: लोकांना स्वतःचे हित ज्या पद्धतीने कळते ती पद्धतच घडवणे, म्हणजे तक्रार मनातच उगवणार नाही. आपल्या नवव्या क्रमांकाच्या विषयाची जागा या दोन तोंडांच्या मध्ये कुठेतरी आहे. विषय आला, पण माणसे थकल्यावर आला.

अथेन्सच्या लोकांना, म्हणजे मेलोसवर ज्यांनी क्रूरपणा केला त्यांनाच, ही गोष्ट घरच्या कारभारात उत्तम कळली होती. त्यांच्या लोकसभेपुढे कोणते विषय ठेवायचे ते पाचशे जणांची परिषद ठरवत असे. ही माणसे चिठ्ठी टाकून निवडली जात, मुदत एक वर्षाची असे आणि आयुष्यात दोनपेक्षा अधिक वेळा कोणालाही त्या परिषदेत बसता येत नसे. परिषदेचा अध्यक्ष तर एका दिवसापुरताच असे. एक रात्र आणि एक दिवस नगराची मुद्रा आणि देवळांतल्या खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या हाती राहत, मग पुन्हा चिठ्ठी निघे आणि त्या माणसाला ते पद जन्मात पुन्हा मिळत नसे. त्या मंडळींनी मनुष्यस्वभावावर किती ग्रंथ वाचले होते कोण जाणे, पण किल्ली कोणाच्याही खिशात मुरू द्यायची नाही हे त्यांनी नियमातच बसवून टाकले होते.

वाचकाची भूमिका काय असावी, हा प्रश्न मला त्यामुळे जरा दुय्यम वाटतो. आपण किती वर्षे चिटणीस आहात, हे आपण लिहिलेले नाही.

कोरा कागद:

दिवाभीत यांचा शेवटचा प्रश्न थोडा बोचरा आहे, पण योग्य आहे. मी फक्त ‘अर्थशास्त्रा’पुरते लिहितो, कारण तो ग्रंथ मी सावकाश, एकेक प्रकरण करत वाचला आहे.

या ग्रंथाची कीर्ती कारस्थानांचा ग्रंथ अशी झाली आहे. तसे त्यात बरेच काही आहेही. संन्याशाच्या वेषातले हेर आहेत, आणि अमात्यांना धर्म, अर्थ, काम आणि भय या चार आमिषांनी पारखून घेण्याची व्यवस्था आहे, जी आजच्या वाचकाला किळसवाणी वाटावी. त्या भागाचे उदात्तीकरण करण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण ग्रंथाचा बराच मोठा भाग कचेऱ्या, हिशेब, वजनमापे, कोठारे आणि अधिकाऱ्यांचे दोष यांविषयी आहे, आणि तिथे ग्रंथकर्ता सर्वांत जास्त कोणाला घाबरतो ते पाहण्यासारखे आहे. तो शत्रूपेक्षा आपल्याच कारभाऱ्यांना घाबरतो. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे कामावर नेमलेला अधिकारी धन केव्हा खातो हे कळत नाही, असे तो म्हणतो आणि अफरातफरीचे चाळीस प्रकार मोजून दाखवतो.

धागाकर्ते चिटणीस आहेत म्हणून एक जागा मुद्दाम सांगतो. कंटकशोधनाच्या, म्हणजे समाजकंटकांच्या बंदोबस्ताच्या, अधिकरणात न्यायसभेतल्या लेखकाला, म्हणजे बोलणी टिपून घेणाऱ्या कारकुनाला, दंड कशाकशासाठी करावा हे दिले आहे. जो बोललेले लिहीत नाही, जो न बोललेले लिहितो, जो वाईट बोललेले सावरून घेतो आणि जो चांगले बोललेले बिघडवून लिहितो, तो दंडास पात्र आहे. मी ते वाचून पुस्तक खाली ठेवले होते. युद्ध, संधी, विषप्रयोग या सगळ्यांचा विचार करणारा माणूस कारकुनाच्या लेखणीपाशी थांबतो आणि तिथली चारही पळवाटांची दारे एकेक करून लावून घेतो.

पानगळ यांच्या म्हणण्याला थोडा विरोधही नोंदवतो. हा ग्रंथ हरलेल्याची जबानी म्हणून मला वाचता आला नाही. त्याचा कर्ता आणि काळ यांवर अभ्यासकांचे मतभेद आहेत, पण स्वर मात्र रोज कचेरी उघडणाऱ्या माणसाचा आहे. राजालाही तो मोकळा सोडत नाही. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडून राजाने कोणत्या भागात काय करावे हे तो ठरवून देतो, आणि एका चाकावर गाडा चालत नाही म्हणून सचिव नेमावेत आणि त्यांचे ऐकावे असे बजावतो.

मेलोसच्या संवादाविषयी एकच सांगतो. तिथे पुस्तक मिटू नका. पुढचे प्रकरण सिसिलीचे आहे. पुढच्याच वर्षी तेच आत्मविश्वासू अथेन्स प्रचंड आरमार घेऊन त्या बेटावर गेले आणि इसवी सनपूर्व ४१३ मध्ये त्यांची सेना पुरती नष्ट झाली. पकडलेल्या सैनिकांना सिसिलीतल्या सिराक्यूज या नगराच्या दगडखाणींत उघड्यावर, तुटपुंज्या अन्नपाण्यावर कोंडून ठेवले गेले. मेलोसचे लोक आशेवर विसंबले म्हणून अथेन्सच्या दूतांनी त्यांची कीव केली होती. सिसिलीच्या प्रकरणात आशेवर कोण विसंबते ते पाहा.

जुनी वही:

तिघांचेही आभार. दिवाभीत यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, मी सहा वर्षे चिटणीस आहे. दर निवडणुकीच्या वेळी ‘दुसरे कोणी तयार नाही’ असे सगळे म्हणतात. तसे कोणी तयार होऊ नये अशी काळजी मी घेतो की काय, हे मला आता नीट आठवून पाहावे लागेल. कागदपत्रे कुठे आहेत हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, एवढे तर खरेच आहे.

कोरा कागद यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्या सभेचे इतिवृत्त काढून पाहिले. ठरावाच्या बाजूने मांडलेले मुद्दे साडेचार ओळींत आले आहेत आणि ते बहुतेक माझेच आहेत. विरोधाबद्दल ‘काही सदस्यांनी शंका व्यक्त केल्या, त्यांचे निरसन करण्यात आले’ एवढे एकच वाक्य आहे. शंका काय होत्या, हे मला आता आठवत नाही. निरसन तर कोणी केलेच नव्हते, एक जण निघून गेले होते. कौटिल्याच्या हिशेबात मी किमान दोन दंडांना पात्र आहे, कदाचित तिसऱ्यालाही.

निघून गेलेल्या सदस्यांना मी काल फोन केला. ते माझ्यावर रागावलेले नव्हते, आणि त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. त्यांचे म्हणणे असे होते की, निधी मोडायला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता, रक्कम दोन टप्प्यांत काढावी एवढीच त्यांची सूचना होती. ती त्यांनी कागदावर लिहून आणली होती.

येत्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असेल. तो एरवी अर्ध्या मिनिटात उरकतो, कारण इतिवृत्त कोणी ऐकत नाही. या वेळी मी त्यांना ती सूचना सोबत आणायला सांगितले आहे. बाकीच्या विषयांचा क्रम लावण्याचे काम मी कार्यकारिणीतल्या सर्वांत नव्या सदस्याकडे दिले आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्हाला कोणता विषय आधी हवा आहे?’

दिवाभीत:

आणि आपण काय सांगितलेत?

जुनी वही:

सांगितले. तोंडातून निघून गेले. आज सकाळी पुन्हा फोन करून ते मागे घेतले.