40,000 आले, डाग पुसून गेले

शाईवाला
परवा 'वेगवान' यांनी त्यांच्या धाग्यात लिहिलं होतं, "रोज एक लेख टाका. सहा महिन्यांत ट्रॅफिक येतंच, आणि ट्रॅफिक आलं की पैसा आपोआप येतो. ज्यांना जमत नाही ते आळशी असतात." तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

मी आळशी नाही. माझी फाउंटन पेनांची साइट आहे. जुनी पेनं घेतो, वाकलेली निब सरळ करतो, शाई साठवायची सडलेली रबरी पिशवी, म्हणजे सॅक, बदलतो आणि विकतो. पहिली दोन वर्षं मी इमानेइतबारे लेखच पाडले. निब कशी निवडावी, निबेखालच्या फीडमध्ये, म्हणजे शाई निबेपर्यंत नेणाऱ्या भागात, ती का सुकते, कुठल्या कागदावर ती पसरते. एकूण 74. त्यातला 'कपड्यावरचा शाईचा डाग कसा काढावा' हा लेख मी अर्ध्या तासात खरडला होता. नेमका तोच गूगलच्या पहिल्या पानावर गेला. महिन्याला 40,000 भेटी! स्क्रीनशॉट काढून घरात सगळ्यांना दाखवले.

त्या महिन्यात पेनं विकली गेली 11. आदल्या महिन्यात 12.

डाग पडलेल्या माणसाला पेन नको असतं हो. त्या क्षणी पेन या वस्तूवर त्याच्याइतका चिडलेला माणूस जगात दुसरा नसतो, आणि मी नेमका त्यालाच पेन दाखवत होतो. वर होस्टिंगवाल्याने मोठा प्लॅन गळ्यात मारला. म्हणजे आपोआप आलं ते फक्त बिल.

वेगवान
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभारी आहे. पण तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. 40,000 माणसं दारात आणली आणि त्यांना काय द्यायचं ते सुचलं नाही, यात ट्रॅफिकचा काय दोष? त्या पानावर जाहिराती लावल्या होत्या का? गूगलची जाहिरातींची सेवा अॅडसेन्स 2003 पासून आहे. डाग काढायच्या द्रावणाची अॅफिलिएट लिंक, म्हणजे तिच्यावरून विकलं गेलं की कमिशन मिळतं ती? त्यासाठी अॅमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम 1996 पासून आहे. डाग पडलाय त्याला डाग काढणारं विका. पेनच विकायचा हट्ट तुमचा.

शाईवाला
हट्ट नाही, धंदा आहे तो माझा. साबण विकायचा असता तर निब घासत कशाला बसलो असतो?

जुनं खोड
"रोज एक लेख" हा मंत्र मी 2009 मध्येही ऐकलाय. तेव्हा एका एजन्सीत होतो, नाव नको. आमच्याकडे माणशी दिवसाला आठ लेख असा हिशेब होता. एकच मजकूर, शब्द इकडचे तिकडे. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलचा पांडा आला, म्हणजे भरताड मजकूर निकालात खाली ढकलणारा बदल, आणि असली पानं रद्दीत गेली. मग साहेबांनी ठरवलं, लेख नकोत, दुसऱ्या साइटांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकत घेऊ, त्या जास्त असल्या की गूगल वर आणतं. त्याच महिन्यात लिंकांच्या गैरप्रकारावरून न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीला उघडं पाडलं होतं आणि गूगलने त्यांना निकालात खाली ढकललं होतं. त्यावरून आमच्या साहेबांनी घेतलेला धडा: "ते मोठे म्हणून सापडले. आपल्याकडे कोण बघतंय?"

एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन आला, असल्या लिंकांना दणका देणारा गूगलचा बदल. एका क्लायंटचा आलेख असा पडला की मला वाटलं ट्रॅकिंगचा कोडच निघालाय. सहाशेच्या वर लिंका, सगळ्यांवर तोच अँकर, म्हणजे लिंकेचे शब्द. पुढचे काही महिने मी एका शीटमध्ये 'मेल पाठवला', 'उत्तर आलं', 'लिंक काढली' असे रकाने भरत होतो. तिसरा जवळजवळ रिकामाच. आणि कळस म्हणजे ज्यांनी पैसे घेऊन लिंक लावली, त्यांनी ती काढायचे वेगळे पैसे मागितले. 'या लिंका धरू नका' असं गूगलला सांगायचं डिसअवाऊ टूल आलं ते ऑक्टोबरमध्ये. तोवर क्लायंट गेला होता. त्याच्या पाठोपाठ मीही.

तेव्हा 'आपोआप' हा शब्द माझ्यापुढे जरा जपून वापरा.

वेगवान
काका, तुम्ही फसवणूक केलीत आणि पकडले गेलात. त्याचा माझ्या सल्ल्याशी काय संबंध? मी लिंका विकत घ्या म्हटलं का कुठे?

जुनं खोड
नाही म्हटलंत. रोज एक लेख म्हटलंत. शाईवर, निबवर, कागदावर रोज नवीन सांगण्यासारखं किती असतं? मग भरताड सुरू होतं. मार्च 2024 मध्ये गूगलने घाऊक मजकुरावर जे नवीन स्पॅम धोरण आणलं ते कुणासाठी होतं असं वाटतं? आणि 'काका' नको.

तिसरी घंटा
अवांतर: 'ट्रॅफिक' कशाला? मराठीत 'वर्दळ' आहे की. आणि वर्दळ म्हटलं की निम्मा वाद तिथेच मिटतो. चौकात कितीही वर्दळ असली तरी चौक श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही.

वेगवान
आले भाषाशुद्धीवाले. अॅनालिटिक्स उघडा, त्यात वर्दळ कुठे लिहिलेली दिसते ते कळवा.

वहीवाली
मी बुकबाइंडिंग शिकवते, ऑनलाइन. सर्चमधून महिन्याला जेमतेम 300 माणसं येतात. एका तुकडीत 20 जागा, आणि त्या पहिल्या दोन दिवसांत भरतात. कारण मेलची यादी. 1,140 नावं आहेत, एकही विकत घेतलेलं नाही. आधी माझा सगळा भर फेसबुक पेजवर होता. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी घरचे आणि मित्र यांच्या पोस्ट वर आणायचं जाहीर केलं, आणि आमच्यासारख्यांची पेजेस अडगळीत गेली. मी पोस्ट टाकायचे आणि ती माझी बहीण तेवढी बघायची. तेव्हापासून कानाला खडा. माणूस एकदा आला की त्याचा पत्ता मागून ठेवायचा.

शाईवाले दादा, डाग पडलाय म्हणजे बऱ्याचदा पेन गळतंय. त्या पानाच्या शेवटी 'पेन का गळतं' एवढी एक ओळ आणि दुरुस्तीच्या पानाची लिंक टाकून बघा. पेन विकू नका, दुरुस्ती विका.

शाईवाला
हे मला पाच वर्षांत सुचलं नाही, हे जाहीरपणे लिहायला जड जातंय. पण ठीक आहे.

उंदीरमामा
वहीवालीताई, पत्ता मागायचा म्हणजे पॉपअपच ना? मग आज बोलतोच.

फोनवर काहीतरी वाचायला घ्यावं, दोन ओळी होतात न होतात तोच पडदा पडतो. मग फुली शोधा. फुली पांढऱ्यावर फिकट करडी, मुंगीएवढी. अंगठा टेकवला की ती सरकते आणि मागची जाहिरात उघडते. परत या, परत पडदा. आणि खालचं ते दुसरं बटण, 'नको, मला अडाणीच राहायचंय'! अरे, मी तुमच्याकडे एक माहिती वाचायला आलो होतो, स्वतःची लायकी काढून घ्यायला नाही. ज्याने पॉपअपचा कोड लिहिला त्या ईथन झकरमनने 2014 मध्ये जाहीर माफी मागितली. तो ट्रायपॉड या वेबपानं बनवून देणाऱ्या कंपनीत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर झळकली, तिने बोंब मारली, म्हणून जाहिरातीला वेगळी खिडकी काढून दिली. त्याला पश्चात्ताप झाला, तुम्हाला कधी होणार?

वहीवाली
उंदीरमामा, मी कुणालाही अडाणी म्हटलेलं नाही. माझी चौकट लेख संपल्यावर येते आणि एकदाच येते. ती नव्हती तेव्हा आठवड्याला तीन नावं यायची, आता वीसेक येतात. त्या सतरा जणांना कुणी बंदूक लावून लिहायला लावलेलं नाही.

उंदीरमामा
वीस आले ते तुम्हाला दिसले. वैतागून गेले ते कुठल्या रकान्यात दिसतात? गूगललासुद्धा जानेवारी 2017 पासून मोबाइलवर मजकूर झाकणारी पानं खाली ढकलायची बुद्धी झाली. तुम्हाला नाही.

वेगवान
पॉपअप चालतात म्हणून लोक लावतात. ज्याला धंदा करायचा नाही त्याने तत्त्वं सांभाळावीत. बाय द वे उंदीरमामा, तुमच्या प्रोफाइलवरून तुमच्या साइटवर जाऊन आलो. उघडल्या उघडल्या अर्धा स्क्रीन झाकणारी चौकट आली. ती कसली?

उंदीरमामा
ती कुकीची आहे, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या नोंदीची परवानगी मागणारी! युरोपातून वाचक येतात. जीडीपीआर हा तिथला खासगी माहितीचा कायदा आल्यापासून विचारावं लागतं.

वेगवान
कुकी ठेवलीच नाही तर विचारावंही लागत नाही. ठेवता कशाला?

उंदीरमामा
अॅनालिटिक्स आहे म्हणून.

वेगवान
म्हणजे किती माणसं आली ते मोजायला. म्हणजे ट्रॅफिक. 😀

तिसरी घंटा
वर्दळ.

उंदीरमामा
मोजणं आणि छळणं यात फरक असतो. तुमच्यासारख्या कोर्सविक्यांना तो कळणार नाही. आयुष्यात एक वस्तू धड विकली नाही आणि दुसऱ्यांना विक्री शिकवायला निघाले.

संपादक मंडळ
व्यक्तिगत होऊ नका. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

टपालखातं
मेलच्या यादीची एवढी आरती चाललीय म्हणून लिहितो. यादी तुमची, हे अर्धंच खरं. पेटी जीमेलची असते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेलचे नियम आवळलेत. मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात, एका क्लिकवर यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे, स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली हव्यात. जीमेलचा घाऊकपणा दिवसाला 5,000 मेलपासून सुरू होतो, म्हणून वहीवालीताई निवांत आहेत. आम्ही नव्हतो. साहेबांनी कुठून तरी 'ताजी' यादी विकत आणली. सोमवारी सकाळी पाठवली, दुपारपर्यंत आमची खरी बिलंसुद्धा गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जायला लागली. डोमेनची पत सुधारायला तीन महिने गेले. तोवर फोन करून सांगायचो, "बिल पाठवलंय, जरा स्पॅममध्ये बघता का?"

आणि ते 'ओपन रेट'चं, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्याचं, कौतुक बंद करा. तो मेलमधलं चित्र उतरलं की नाही यावरून मोजतात. 2021 मध्ये अॅपलने मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो.

वहीवाली
ओपन रेट मी बघतच नाही. उत्तरं किती आली ते मोजते. गेल्या मेलला 31.

जुनं खोड
वेगवान, कोर्सचा विषय निघालाच आहे तर भांडणाचा सूर न लावता विचारतो. तुमच्या उत्पन्नात कोर्स किती आणि ट्रॅफिकवरच्या जाहिराती किती?

वेगवान
मोठा भाग कोर्सचा आहे. लपवलेलं नाही. शिकवणं गुन्हा आहे का?

जुनं खोड
बिलकुल नाही. पण मग 'ट्रॅफिक आणा, पैसा येतो' याचा पुरावा तुमच्याकडे जो आहे तो 'ट्रॅफिक आणा' असं सांगून आलेल्या पैशाचा आहे.

वेगवान
बरं. तुम्ही सगळे ज्ञानी, मी भोंदू. 'आपोआप' शब्द मागे घेतो, फ्रेम करून लावा. 'आळशी' मात्र मागे घेणार नाही, कारण माझ्या कोर्सला आलेल्यांपैकी निम्म्यांनी पहिला लेखही लिहिलेला नाही. त्यांचं कोण बोलणार? पैसे भरतात, गटात रोज सुप्रभात टाकतात, आणि सहा महिन्यांनी मला येऊन विचारतात, सर, ट्रॅफिक का नाही?

टपालखातं
हे मात्र पटलं. आमचे साहेबही असल्याच एका कोर्सला जाऊन आले होते. यादी विकत घ्यायची कल्पना तिथलीच.

वेगवान
माझ्या नव्हे!!

शाईवाला
दोन दिवस दुरुस्तीची पेनं हातात होती, येता आलं नाही. एक राहिलंच सांगायचं. मे 2024 मध्ये गूगलने अमेरिकेत ते एआय ओव्हरव्ह्यू सुरू केलं, मग हळूहळू सगळीकडे आलं. डाग काढायची रीत आता वरच्या चौकटीतच लिहून येते, माझ्याकडे यायची गरज उरत नाही. 40,000 चे 13,000 झाले. गेल्या महिन्यात पेनं गेली 14.

वहीवालीताईंची ओळ परवा रात्रीच टाकली. आज सकाळी एक मेल आलाय, "पेन गळतंय, आजोबांचं आहे, फेकवत नाही." सोबत फोटो. टोपणाच्या कडेला चीर आहे, सॅकचा चिकट गोळा झालेला दिसतोय. होईल दुरुस्त. एका मेलवरून काही सिद्ध होत नाही, हे वेगवान यांनी लिहायच्या आत मीच लिहितो.

वेगवान
एका मेलवरून काही सिद्ध होत नाही. आणि ते 13,000 नसते तर हा एकही आला नसता.

शाईवाला
हं. तेवढं खरंय.

उंदीरमामा
अॅनालिटिक्स काढून टाकलं. चौकटही काढली. आता या बघायला.

तिसरी घंटा
आम्ही आलो हे तुम्हाला कळणार कसं?

नवा_सभासद_22
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. धागा पूर्ण वाचला नाही. ते शाईच्या डागाचं पान कुठे आहे? शर्टाचा खिसा निळा झालाय. पेन नकोय.