मदत हवी आहे: ११ डिसेंबरला आईला घेऊन लक्ष्मी रोड

मंडळी, पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, तेव्हा लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद असतो. रस्त्यावर गाणी, पथनाट्यं, खेळ. यंदा आईला न्यायचंय. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. "पैठणी बघायला जायचं आणि हॉर्न नाही, असं कधी झालंय का?" म्हणते.

आम्ही पिंपरीला राहतो, म्हणजे मेट्रोने थेट मंडई. पुढचं सांगा. स्टेशनपासून गरुड गणपतीपर्यंत तिला चालवेल का, की रिक्षा करावी? त्या दिवशी रिक्षा कुठपर्यंत सोडतात? गेल्या वेळी एका रिक्षावाल्याने "इथून पुढे जात नाही" म्हणून भर उन्हात उतरवलं होतं, आई अजून ते ऐकवते.

दुसरं, खाणं. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची मिसळ तिला हवीच आहे, पण तिथे रांगेत अर्धा तास उभं राहणं तिला जमणार नाही. किती वाजता गेलं तर पटकन बसायला मिळतं? नंतर निंबाळकर तालमीपाशी सुजाताची मस्तानी, त्यावर वाद नको. (थंडीत मस्तानी खाऊ नका म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.)

आणि मुख्य म्हणजे, मध्ये टेकायला बाकं किंवा खुर्च्या असतात का? नसतील तर घडीचं स्टूल घेऊन निघतो. आधी जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.