लंडन–टोकियो : अंतर ९,६०० किमी, मग चौदा तास कशाला?

चकवा :
लंडनहून टोकियोला पहिल्यांदाच चालले आहे, थेट विमानाने. नेटवर अंतर साधारण ९,६०० किमी दाखवतात. ताशी ९०० चा वेग धरला तर पावणेअकरा तासांत पोचायला हवं. तिकिटावर मात्र संध्याकाळी ७ ला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला पोच. म्हणजे २२ तास? आई तर सारखी विचारतेय, मधे कुठे उतरतं का?

अडगळ :
२२ मधून ८ वजा करा. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात टोकियो ८ तास पुढे, हिवाळ्यात ९. जपानात घड्याळं मागेपुढे करत नाहीत, लंडनमध्ये करतात. उरले १४.

सुतळीबॉम्ब :
१४ च का, ते सांगतो. ग्लोबवर लंडन ते टोकियो दोरा ताणून धरा. सपाट नकाशा बघू नका, तो फसवतो. दोरा वर सरकून स्कँडिनेव्हियावरून थेट सायबेरियात शिरतो. तुमचे ९,६०० ते हेच. २०१९ मध्ये मी याच वाटेने गेलो, बाराएक तास लागले. (पावणेअकरा तेव्हाही नव्हतेच. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं.)

२०२२ पासून ब्रिटिश, युरोपीय आणि जपानी कंपन्या रशियावरून उडत नाहीत. मागच्या वर्षी जाताना समोरच्या पडद्यावर तुर्कस्तान, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन असा वळसा दिसला. येताना गंमतच. विमान टोकियोहून उलट पूर्वेलाच निघालं! शेजारचे काका घाबरून हवाईसुंदरीला विचारून आले. पॅसिफिक, अलास्का, कॅनडाचं उत्तर टोक, ग्रीनलंड करत लंडन. वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यांच्या तोंडावर जाण्यापेक्षा पाठीवर घेतलेले बरे, असा हिशेब. तरी साडेचौदा तास लागलेच. पण एका परतीच्या तिकिटात पृथ्वीप्रदक्षिणा झाली की हो.

जुनंपानं :
हे नवीन नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंदच होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–टोकियो सेवा उत्तर ध्रुवाकडून सुरू केली, तेव्हा अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन भरावं लागे. पुढे कितीतरी वर्षं युरोप–जपान प्रवासात अँकरेजचा थांबा ठरलेला. आईंचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, जरा उशिरा आलाय इतकंच.

चकवा :
घरात ग्लोब नव्हता. भाच्याच्या फुटबॉलवर खडूने दोन टिंबं काढून दोरा ताणला. खरंच वर सरकतो! परतीला आयल सीट घेतली होती, ती आत्ताच बदलून खिडकीची केली.