नव्या वस्तीत सोसायट्यांच्या मधून सार्वजनिक वाट हवी की नको?

बालेवाडीकर:
पुण्याच्या वाघोली, उंड्री, बालेवाडी, कुठल्याही उपनगराचा नकाशा उघडा. दोन-चार मोठे रस्ते आणि मध्ये भिंतींनी बंद केलेल्या भल्यामोठ्या सोसायट्या. माझ्या मुलीची मैत्रीण अगदी मागच्या सोसायटीत राहते, पण भिंतीमुळे हमरस्त्यावरून वळसा पडतो, म्हणून गाडीवर सोडावं लागतं. घरोघरी हेच, मग हमरस्ता तुंबेल नाही तर काय! निगडी प्राधिकरणात आधी सेक्टर आणि रस्ते आखले, मग भूखंड दिले. तिथे एक गल्ली बंद असली तर दुसरीने जाता येतं. नव्या लेआउटमध्ये दर शंभर-दीडशे मीटरवर निदान पायवाट तरी सक्तीची करा.

उंड्रीवाली:
साफ असहमत. आमच्याकडे संध्याकाळी पोरं आतल्या रस्त्यावर बिनधास्त सायकल चालवतात, आजी-आजोबा फिरतात. हे गेट आहे म्हणून. वाट खुली झाली की टू-व्हीलरवाले शॉर्टकट मारणार. दिवे, झाडलोट, वॉचमन, सगळं आम्ही मेंटेनन्समधून भागवतो. आणि अशा वाटा काढून जमिनीचे लहान तुकडे पाडले तर मोकळी जागाही तुकड्यातुकड्यांत येईल. दोन बाकड्यांची बाग काय कामाची? आम्हाला एक सलग मैदान हवं.

बालेवाडीकर:
मी गाड्यांसाठी मागतच नाहीये. पायी आणि सायकलपुरती, खांब रोवलेली वाट.

नकाशेवाला:
भिंत ही नंतरची गोष्ट. मूळ दुखणं असं की शेतजमीन गटागटाने (सातबाऱ्यावरच्या एकेका तुकड्याने) विकली जाते. प्रत्येक बिल्डर आपल्या गटापुरता लेआउट मंजूर करून घेतो, शेजारच्या गटातला रस्ता कुठे येतो ते कोणी बघत नाही. डीपीतला (शहराच्या विकास आराखड्यातला) रस्ता वर्षानुवर्षं कागदावरच राहतो, कारण मधली जमीन ताब्यात नसते. यावर नगररचना योजना हा उपाय राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते, बागा, शाळेची जागा काढायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नीट आकाराचा भूखंड परत द्यायचा. भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, तिथे ब्रिटिश काळातच अशी योजना झाली. अलीकडे माण-म्हाळुंगेसाठी पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) हाच मार्ग धरला. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी आपणहून जमिनी एकत्र केल्या, पण ती एका खाजगी नगराची आखणी.

आणखी एक. आरपार वाट ओढ्याच्या काठाने काढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, माणसं गेली. ओढ्याला दोन्ही बाजूंनी जागा सोडली की पावसाळ्यात पाण्याला आणि एरवी चालणाऱ्यांना वाट मिळते.

उंड्रीवाली:
कल्पना चांगली आहे, पण आमच्या मागच्या ओढ्यात सांडपाणी वाहतं. डासांमुळे खिडकी उघडता येत नाही, तिथे फिरायला कोण जाणार? आधी ड्रेनेज, दिवे आणि रात्रीची गस्त द्या. नव्या लेआउटला नियम लावायचा तर लावा, पण आमच्या भिंतीला हात लावायला आलात तर मी सभेत विरोधच करीन.

बालेवाडीकर:
जुन्या भिंती राहू द्या. पण नव्या लेआउटमध्ये ही वाट मंजुरीच्या नकाशावरच दाखवायला हवी. इमारती उभ्या राहून लोक राहायला आले की मग कोण जागा सोडणार?