ट्राउटच्या जनुकांना कात्री लावावी का?

तुकोगंजकर: जानेवारीत मनालीला गेलो तेव्हा पतलीकूहलच्या सरकारी ट्राउट फार्मात डोकावलो. ट्राउट म्हणजे थंड पाण्यातला मासा. ट्रेमध्ये अंडी, भिजवलेल्या साबुदाण्याएवढी, पण नारिंगी. प्रत्येकात दोन काळे ठिपके, म्हणजे पिल्लाचे डोळे! तेव्हापासून डोक्यात हेच. नॉर्वेत क्रिस्परने, म्हणजे जनुकं कापायच्या रेणवीय कात्रीने, ट्राउटच्या भाऊबंद सॅल्मन माशातलं 'डेड एंड' जनुक बंद पाडून जननपेशीच नसलेले मासे तयार केले. २०१६ ची गोष्ट. पिंजऱ्यातून निसटले तरी जंगली माशांत मिसळणार नाहीत. जपानात २०२१ पासून जनुक-संपादित मादाई हा समुद्री मासा विकतात. आपल्याकडे २०२२ मध्ये अशा काही पिकांना नियमांतून सूट मिळाली, माशांना नाही. भीमतालच्या शीतजल मत्स्य संस्थेने ट्राउटसाठी ही हत्यारं आपली आपण घडवावीत, असं माझं मत.

सुईवाली: काका, मी झेब्राफिशच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या माशाच्या, अंड्यांना जनुकं बदलायला वर्षभर सुई टोचली आहे. त्याची पहिली पेशी पाऊण तासात दुभंगते, ट्राउटची थंड पाण्यात काही तास घेते. म्हणजे वेळ मिळतो, पण पाणी लागलं की कवच असं टणक होतं की सुई मोडते. त्यात सॅल्मन-ट्राउटच्या पूर्वजाचा अख्खा जनुकसंच कोट्यवधी वर्षांपूर्वी दुप्पट झालेला, त्यामुळे कितीतरी जनुकं जोडीने आहेत. एक कापलं तर जोडीदार काम चालू ठेवतो. झेब्राफिश तीन महिन्यांत वयात येतो, ट्राउटला दोन-तीन वर्षं. एकेका प्रयोगाचा निकाल कळेपर्यंत संशोधकाची फेलोशिप संपते.

राजवाडा कट्टा: भिया, ट्राउट मुळात इंग्रजांनी आणलेला. आपल्या मध्य प्रदेशचा राज्यमासा महाशीर, त्याचं काय? नर्मदेचं पाणी जलूदहून आपल्या इंदूरच्या नळाला येतं तेव्हा आपण खूश, पण धरणांनी त्याचं वाहतं पाणी अडवलं. कोणतं जनुक कापल्याने ते परत येणार?

तुकोगंजकर: नाही येणार, मान्य. पण ट्राउट परका आहे म्हणूनच तर वांझ हवा ना!

सुईवाली: त्यासाठी जनुक कशाला? फलित अंड्यांना थोडा वेळ दाब किंवा उष्णतेचा झटका दिला की तीन गुणसूत्रसंचांचा वांझ ट्राउट मिळतो. जगभर हेच चालतं. आणि आयपीएन या विषाणूरोगावर सॅल्मनवाल्यांनी तगणारी कुळं निवडूनच मात केली, कात्री न लावता.

तुकोगंजकर: तो तीन संचांचा मासा ऊन तापलं, प्राणवायू कमी पडला की आधी मान टाकतो. मला भीती त्याच दिवसांची आहे.

राजवाडा कट्टा: बरं, वांझ मासा पुढची पिल्लं देणार कशी, ते तर सांगा!

तुकोगंजकर: अंड्यात त्याच 'डेड एंड' जनुकाचा आरएनए, म्हणजे त्याचा संदेश वाहणारा रेणू, टोचला की जननपेशी वाचतात. तो मासा प्रजननक्षम राहतो, पिल्लं मात्र वांझ.

सुईवाली: म्हणजे प्रत्येक जनक माशासाठी पुन्हा ती सुई. कवच टणक आहे हो, काका.

तुकोगंजकर: मोजकेच जनक लागतात, बाई. एका मादीची हजारो अंडी असतात.