मदत हवी आहे: पंप उलटा फिरवून वीज, पण लोड टाकताच व्होल्टेज शून्य

जागा सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याला. बागेतल्या वहाळाला जून ते जानेवारी पाणी. उंचीतला फरक १८ मीटर, प्रवाह १२ लिटर प्रति सेकंद (२०० लिटरचं पिंप १७ सेकंदांत भरतं). पाइप ९० मिमी पीव्हीसी, १२० मीटर. खाली ३ एचपी थ्री-फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बॉडीत), २८८० आरपीएम. नेमप्लेटवर १८ मीटर हेड (पाण्याचा दाब, उंचीच्या मीटरमध्ये), सेकंदाला ७.५ लिटर; हेड जुळतंय म्हणून हाच निवडला. मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली), व्होल्टेज तयार व्हावं म्हणून कपॅसिटर ३० आणि ६० मायक्रोफॅरड. रिकामं असताना २०५ व्होल्ट, ४४ हर्ट्झ. १०० वॅटचे तीन बल्ब लावले की सगळं कोसळतं आणि परत चढत नाही. कपॅसिटर वाढवू का?

वहाळवीज:
कपॅसिटर वाढवू नका. लोड नसतानाही ४४ हर्ट्झच येतात, म्हणजे कमी पडतोय तो पाण्याचा जोर. पंप टर्बाइन म्हणून चालवायचा तर त्याच वेगाला नेमप्लेटपेक्षा जास्त हेड आणि जास्त पाणी लागतं. ६० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला साधारण १.८५ पट हेड आणि दीडपट पाणी धरा. तुमच्या पंपाला म्हणजे ३३ मीटर हेड हवं!

त्यात पाइप. ९० मिमीतून १२ लिटर नेताना घर्षणातच पावणेसहा मीटर जातात. ११० मिमी टाकलात तर दोनच मीटर. पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज लावा: व्हॉल्व्ह बंद असताना १.८ किलो (प्रति चौ. सेंमी) दाब दिसेल, पाणी सुरू झाल्यावर किती घसरतं ते बघा.

११० मिमी पाइपवर निव्वळ १६ मीटर हाती राहतात. त्याला जुळणारा पंप ८ ते ९ मीटर हेड, ८ लिटरचा, साधारण दीड एचपी. वीज ८०० वॅटच्या आसपास मिळेल, त्यापेक्षा जास्त धरू नका.

तारतंत्री:
वरचं बरोबर आहे. विजेच्या बाजूचं सांगतो.

रिकामी मोटर ४१५ व्होल्टवर (स्टार, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडून) जेवढे अँपियर घेते त्याला १३ ने गुणा, तो आकडा C मायक्रोफॅरडमध्ये. लोड ज्या दोन टोकांना, तिथे C, शेजारच्या फेजला 2C, तिसरी मोकळी. 2C कोणत्या फेजला हे फिरण्याच्या दिशेवर ठरतं, आणि पंप आता उलटा फिरतोय. तिन्ही वाइंडिंगचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. फार फरक असेल तर 2C दुसऱ्या फेजला न्या, नाहीतर एक वाइंडिंग जळेल. कपॅसिटर ४४० व्होल्टचे, मोटर-रनचे घ्या. स्टार्टचे सतत चालले की फुटतात.

ओव्हरलोडने व्होल्टेज कोसळलं की रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व जातं, म्हणून परत चढत नाही. मशीन थांबवा, कपॅसिटर आणि लोड सोडवा, १२ व्होल्टची बॅटरी दोन टोकांना दोन-तीन सेकंद लावा. मग सगळं जोडून लोडशिवाय सुरू करा, व्होल्टेज आल्यावरच लोड टाका.

प्रश्नकर्ता:
लोड कंट्रोलर (जादा वीज दुसरीकडे वळवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा) लागेलच का? घरात दिवे, टीव्ही, मिक्सर.

तारतंत्री:
हो. दिवे बंद केले की वेग आणि व्होल्टेज दोन्ही वर पळतात, टीव्ही जाईल. कंट्रोलरचा बॅलास्ट (जादा वीज जिरवणारा लोड) म्हणून १ किलोवॅटची गीझर कॉइल पाण्यात बुडवलेली ठेवा. मिक्सर इथे नकोच. आणि महावितरणच्या लाइनशी दोन-पोल चेंजओव्हर (घर एका वेळी लाइन किंवा पंप, एकालाच जोडणारा स्विच), फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा. यात तडजोड नाही, लाइनमनच्या जिवाचा प्रश्न आहे.

वहाळवीज:
एक राहिलं. उलट्या दिशेने इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) नट सैल होतो. नवा पंप घेताना इम्पेलर चावीवर (शाफ्टच्या खाचेतल्या पट्टीवर) बसवलेला बघा आणि नटला थ्रेडलॉक (आटे पक्के धरणारा गोंद) लावा. नुसता आट्यांवर बसवलेला घेऊ नका. व्हॉल्व्ह गेट टाइप, सावकाश फिरवायचा. वर पाइपच्या तोंडाशी ६ मिमी फटींची जाळी लावा. पहिल्या पावसात पानं इतकी येतात की दिवसातून दोनदा काढावी लागतात. ३ एचपीचा पंप विकू नका, उन्हाळ्यात विहिरीवर चालेल.