चाळणी नव्हे, पारखी दारं: ओआरएसच्या निमित्ताने

पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, ही एक चाळणी आहे, लहान रेणू आत आणि मोठे बाहेर, असं सांगितलं जातं. ते पुरेसं नाही. सोडियमचा आयन अगदी लहान, तरी या पटलाच्या मेदस्तरातून तो जवळजवळ जातच नाही, कारण त्यावर विद्युतभार आहे आणि तो भोवती पाण्याचे रेणू धरून असतो. उलट कॉर्टिसॉल हे संप्रेरक ग्लुकोजपेक्षा मोठं, पण मेदात विरघळतं म्हणून पार होतं.

बाकीच्यांसाठी प्रथिनांची दारं असतात आणि त्यांचे नियम भलतेच काटेकोर. लहान आतड्याच्या पेशींवरचं एसजीएलटी१ नावाचं दार घ्या: २ सोडियम आयन आणि १ ग्लुकोज रेणू यांना ते जोडीनेच आत घेतं. पेशीच्या मागच्या, रक्ताकडच्या बाजूचा पंप एटीपी (पेशीचं ऊर्जा-इंधन) खर्चून दर फेरीला ३ सोडियम बाहेर काढतो, २ पोटॅशियम आत घेतो. म्हणून सोडियमची आत येण्याची ओढ टिकते. पाणी त्यामागून येतं. कॉलऱ्याचं विष क्लोराइडची दारं उघडी ठेवतं, त्यातून क्लोराइड आणि मागोमाग पाणी आतड्यात वाहून जुलाब होतात, पण एसजीएलटी१चं दार शाबूत राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएस (जुलाबात प्यायचं मीठ-ग्लुकोजचं द्रावण) हजारोंना दिलं, ते याच दाराच्या भरवशावर.

म्हणून प्रमाण पाळाच. सध्याच्या सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलीमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) असतं. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर द्रावण रक्तापेक्षा तीव्र होतं, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि लहान मुलांच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. चवीसाठी वरून साखरही घालू नका.